चाळीस मिलिमीटर

शनिवारी सुकतीच्या वेळेला, अकरा वाजून दहा मिनिटांनी,
ओब्दुलिया बंदराच्या पायरीवर उभी राहते,
मांडीपर्यंत रबरी बूट, कमरेला टोपली,
आणि माद्रिदहून बसनं आलेल्या लोकांना सांगते,
"मोबाइल खिशात ठेवा. चिखल कुणाची भीड ठेवत नाही."

मी तिच्या मागं, काखेत तक्ते घेऊन.
पगार मला मिळतो, बोलते ती.
तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या संस्थेनं ठरवलंय तसं:
आकडे इरियाचे, तोंड ओब्दुलियाचं.

पहिल्याच शनिवारी तिनं माझा तक्ता उलटा धरला.
रेघ वर चढताना दिसली.
"असा धरला तर बरं चाललंय आपलं."
लोक हसले.
मग तिनं तो सुलटा केला, आणि बराच वेळ
तसाच धरून ठेवला.

गालिसियाची ही खाडी. वरती डोंगर,
डोंगरातून नदी, नदीचं गोडं पाणी.
थोडं गोडं पाणी तिसऱ्यांना चालतं,
जसे आपल्याला पाहुणे चालतात, ती म्हणते,
पण गेल्या हिवाळ्यात पाऊस आला
तो बिछाना घेऊनच आला.
वर धरणाचे दरवाजे उघडले.
नऊ दिवस खाडीला चवच नव्हती.
अशा वेळी शिंपली मिटून बसते, दम धरून.
एक दिवस बसेल. चार दिवस बसेल.
"तुम्ही किती बसाल?"
आणि ती खरोखर मनगटावरच्या घड्याळात बघत थांबते.

कुणी वीस सेकंद. कुणी चाळीस.
टक्कल पडलेले एक गृहस्थ सव्वा मिनिट, लालबुंद,
बायको दंड हलवतेय तरी.

"समुद्र तापला की वाफ जास्त.
माझ्या घरात ती खिडकीच्या काचेवर बसते.
आभाळाला काच नाही."
(हे वाक्य मी लिहून दिलं नव्हतं.
मी लिहिलं होतं दोन परिच्छेद.)

मग ती खिशातून माप काढते,
गंजलेली लोखंडी कडी, आतून चाळीस मिलिमीटर.
तिसरी आरपार पडली की परत चिखलात.
एकोणचाळीस? परत.
"पण एका मिलिमीटरनं काय बिघडतं?" कुणीतरी विचारतंच.
"विचारा ना मला," ती म्हणते. "ईस्टरच्या आदल्या रात्री
खानावळीच्या मागच्या दारानं, टोपलीभर लहान लहान,
सहा वर्षं विकल्या मी.
पोराचे दात सरळ करायचे होते. झाले."
ती हसत नाही.
मी तक्ता उगाच या हातातून त्या हातात घेते.

परवाच्या बसमध्ये ब्राइस नावाचा मुलगा होता, नऊ वर्षांचा,
एक बूट चिखलात हरवलेला.
तो ओंजळभर उघड्या शिंपल्या घेऊन आला,
आत नुसती वाळू.
"ह्या कुणी मारल्या? पावसानं, का तू?"

ओब्दुलियानं माझ्याकडं पाहिलं.
माझ्याकडं तापमान होतं, क्षारता होती,
सतरा वर्षांची रेघ होती. मी म्हणाले,
"थोडं पावसानं. पाऊस एवढा का वाढला
त्यात आपण सगळे आहोत. ही बससुद्धा."
ड्रायव्हर सिगारेट ओढत होता, त्यानं वळून पाहिलं.

ओब्दुलियानं कडी मुलाच्या हातात दिली.
"मोज."
"मेलेल्या?"
"हिच्या रेघेला त्याही लागतात."

आणि मग सगळी बस वाकली.
बुटांतली, मोज्यांतली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली माणसं
ओरडून आकडे सांगत होती, मी लिहीत होते,
सव्वीस, एकतीस, पुन्हा एकतीस, एकोणीस,
भरतीचं पाणी घोट्याला लागलं तरी.
शेवटचा आकडा टकलू गृहस्थांचा:
"त्रेचाळीस. ही तर विकता आली असती."

ओब्दुलियानं ती त्यांच्याकडून घेतली.
अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच मिटली.
बोटं सैल केली.
शिंपली पुन्हा उघडली.
तिनं पुन्हा मिटली.